जुनं घर घेण्याआधी सविस्तर स्ट्रक्चरल तपासणी करून घ्यावी का?

निळी_खिडकी

नमस्कार मंडळी. बरीच घरं पाहिल्यावर एक मनात भरलंय. चार मजली आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटची) इमारत, वय साधारण चाळीस वर्षं, घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. खोल्या ऐसपैस, वारा आरपार, आतून नुकताच रंग दिलेला. कागदपत्रं वकिलांनी तपासली, ती स्वच्छ आहेत. कर्ज देणाऱ्या बँकेचा इंजिनिअर येऊन मापं घेऊन, फोटो काढून गेला आणि त्याने होकार दिलाय.

माझा दादा मात्र अडून बसलाय. जुनं घर आहे, बीम, कॉलम, स्लॅब यंत्रं लावून तपासल्याशिवाय एक पैसाही देऊ नका, असं तो म्हणतो. एजंट म्हणतो, बँकेने पास केलं म्हणजे झालं, वेगळा खर्च कशाला? नवऱ्याचं मत एजंटच्या बाजूने झुकलंय.

मला तुमच्याकडून हे हवंय: बँकेच्या पाहणीत आणि या तपासणीत फरक काय? मी एकच घर घेतेय, पण कॉलम तर सगळ्या इमारतीचे, मग तपासायचं कुठवर? आणि विकणारे लोक हे करू देतात का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया लिहा.

जिना

करून घ्याच. बँकेचा माणूस बँकेसाठी येतो. उद्या कर्ज थकलं तर हे घर विकून वसूल होईल का, एवढंच त्याला बघायचं असतं. तो हातोडी घेऊन येत नाही.

ओसरी

माझं मत वेगळं आहे. आमचा जन्म जुन्या घरांत गेला, कुणी कधी यंत्र लावलं नाही आणि घरं उभी आहेत. भर पावसात एकदा जाऊन या. वरच्या मजल्याच्या छताकडे बघा, भिंतीला हात लावून बघा, खालच्या मजल्यावरच्या दोघा-तिघांशी बोला. ओल कुठे आहे ते शेजारी जेवढं खरं सांगतील तेवढं कुठलाही अहवाल सांगणार नाही. हल्ली नवीन इमारती पाच वर्षांत गळतात. वय हा दोष नाही.

आडवाटसरू

ओसरीकाका, पावसात जायचं म्हणजे छत्री घरात शिरल्यावर मिटायची की नाही, यावरूनच निकाल कळेल :)

तुळई

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या इमारतींची तपासणी हेच रोजचं काम. म्हणून जरा मोठं लिहितो.

ओसरीकाकांचं पावसाचं आणि शेजाऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मीही आधी तेच करतो. पण आरसीसीचा खरा आजार भिंतीला हात लावून कळत नाही, कारण तो आत सळईपाशी असतो.

चांगल्या काँक्रीटचा सामू (pH) १२.५ ते १३ च्या आसपास असतो. इतक्या अल्कलीमध्ये सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं बाहेरून आत सरकत जातो आणि सामू ९ च्या खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते सळईपर्यंत पोहोचलं की तो थर जातो, आणि सोबत ओल असली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. ती मिळत नाही, म्हणून काँक्रीट आतून फाटतं. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर, मग ठोकल्यावर पोकळ आवाज, मग पोपडा सुटून सळई उघडी. शेवटची पायरी सगळ्यांना दिसते. पहिल्या दोन नुकत्याच दिलेल्या रंगाखाली सहज लपतात.

आता तुमचे प्रश्न. बँकेचं मूल्यांकन किमतीसाठी असतं, स्ट्रक्चरल तपासणी इमारत किती धडधाकट आहे आणि दुरुस्ती कुठे, किती लागेल यासाठी. दोन्ही इंजिनिअरच करत असले तरी प्रश्नच वेगळा आहे.

तपासणी कुठवर? नुसत्या तुमच्या चार भिंतींत अडकू नका. तुमचं घर वर आहे, म्हणजे तुमच्या डोक्यावर गच्ची आणि तुमचा भार थेट तळमजल्यापर्यंत. गच्ची, पाण्याच्या टाकीखालचे खांब आणि बीम, जिना, पार्किंगमधले कॉलम, जमिनीलगतचा त्यांचा भाग आणि मागचे डक्ट. सांडपाण्याचे पाईप डक्टमध्येच गळतात आणि तिथे रंगारी कधी जात नाही. डक्ट बघितला नाही तर इमारत बघितली असं मी म्हणत नाही.

निळी_खिडकी

तुळईदादा, खूप आभार. डक्टचं डोक्यातच नव्हतं. यंत्रं लावून नेमकं काय मोजतात तेही सांगाल का? नवऱ्याला वाचून दाखवायचंय.

तुळई

जरूर. पण आधी सांगतो, यंत्राआधी डोळे आणि हातोडी. अनुभवी माणूस अर्ध्याहून जास्त गोष्टी तिथेच ओळखतो. मग जिथे शंका आहे तिथे चाचण्या.

रिबाउंड हॅमर: स्विस इंजिनिअर एर्न्स्ट श्मिट यांच्या नावाने ओळखला जातो. स्प्रिंगचा दट्ट्या काँक्रीटवर आपटून किती उसळतो त्यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. स्वस्त, झटपट, पण फक्त वरच्या थराचं सांगतो.

अल्ट्रासॉनिक: एका बाजूने ध्वनिलहर सोडायची, दुसऱ्या बाजूला तिला लागलेला वेळ मोजायचा. सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर वेग आला तर काँक्रीट उत्तम, ३ च्या खाली आला तर आत पोकळ्या किंवा चिरा असण्याची शंका.

कार्बोनेशन: ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. निरोगी भाग गडद गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला रंगहीन राहतो. मग पट्टी लावून खोली मोजायची आणि ती सळईवरच्या कव्हरशी, म्हणजे सळईला झाकणाऱ्या काँक्रीटच्या जाडीशी ताडायची. मला एकच चाचणी करायची मुभा दिली तर मी ही निवडेन, कारण आजचं नाही, पुढचं सांगते. कार्बोनेशनची खोली साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चाळीस वर्षांत २० मिलिमीटर आत गेलं असेल तर आणखी २० जायला आणखी चाळीस नाही, शंभराहून जास्त वर्षं लागतील. म्हणून कॉलमचं ४० मिलिमीटर कव्हर नीट दिलेलं असेल तर इमारत आरामात टिकते, आणि जिथे स्लॅबला जेमतेम १० मिलिमीटर दिलंय तिथे केव्हाच गंज चढलेला असतो. वयापेक्षा कव्हर बघा.

हाफ सेल: सळईचं विद्युत विभव मोजून गंज चालू आहे का याचा अंदाज. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही जास्त उणे आलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. उणे २०० पर्यंतच असेल तर नसण्याची तेवढी.

आणि कोअर: काँक्रीटचा दंडगोल कापून प्रयोगशाळेत दाबून फोडतात. ताकदीचा सगळ्यात थेट पुरावा हाच.

गेरू

वाचतेय. धागा साठवून ठेवला.

जिना

तुळई, एक शंका. आमच्या इमारतीचा अहवाल आला होता, त्यात पानोपानी फक्त हॅमरचे आकडे, आणि सगळे झकास. इमारतीत मात्र तीन ठिकाणी सळया उघड्या. हे कसं काय?

तुळई

होतं असं. नुसत्या हॅमरवरून ताकद सांगितली तर पंचवीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. त्यात गंमत अशी की कार्बोनेशनने काँक्रीटचा वरचा थर आणखी कठीण होतो, त्यामुळे जुन्या इमारतीत हॅमर खऱ्यापेक्षा जास्त आकडा देतो. आजारी भाग धडधाकट दिसतो. शिवाय हॅमर सळईबद्दल एक अक्षर सांगत नाही. म्हणून हॅमरसोबत अल्ट्रासॉनिक, आणि दोन-तीन कोअरशी जुळवून बघणं, हे झालं नसेल तर तो अहवाल अर्धा समजा. निळी_खिडकी, तुम्ही ज्यांना बोलवाल त्यांना आधीच लेखी विचारा, कुठल्या चाचण्या, किती ठिकाणी, आणि ती ठिकाणं कोण ठरवणार.

सुतारपक्षी

वरची सगळी चर्चा आरसीसीची आहे. कुणी जुना बंगला किंवा भारवाहक भिंतींचं घर घेत असेल तर त्याची तपासणी वेगळी, आणि माणूसही वेगळा लागतो. मी लाकूडकाम करतो, अशी घरं बरीच उघडून पाहिलीत.

तिथे कॉलम नसतात, भिंतच सगळा भार घेते. विटा किंवा दगड, मध्ये चुना किंवा माती. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, तिला श्वास लागतो. मधल्या काळात कुणीतरी बाहेरून घट्ट सिमेंटचा गिलावा मारतो, वर प्लास्टिकचा रंग देतो. ओल आत कोंडते. ती मग जिथे वाट मिळेल तिथे जाते, आणि बहुतेक वेळा ती वाट म्हणजे भिंतीत बसवलेलं तुळईचं टोक. मधून तुळई खणखणीत असते आणि भिंतीतलं टोक भुगा झालेलं. छताचं सगळं वजन त्या टोकावरच असतं. म्हणून मी खोलीच्या मध्ये वर बघत नाही, कोपऱ्यात शिडी लावून टोकाला टोचा मारतो. टोचा सहज आत गेला तर तिथे लाकूड उरलेलं नाही.

वाळवीची मातीची नळी जोत्यापासून वर चढते. रंग देताना ती पुसून टाकतात, पण चौकटीच्या मागे राहते. दाराची चौकट नवी आणि खिडक्यांच्या जुन्या असं दिसलं की मी थांबून विचारतो.

ओसरी

सुतारपक्षी, तुमचा प्रतिसाद मनापासून आवडला. आमच्याकडेही घट्ट गिलाव्यानंतरच भिंतीला ओल यायला लागली होती, पूर्वी कधी नव्हती. याचा संबंध कुणी सांगितला नव्हता.

पागोळी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी जुनं घर विकलंय. घ्यायला आलेल्या मंडळींनी तपासणी हवी म्हटलं तेव्हा मनाला लागलं होतं. आई-बाबांचं घर, आणि हे लोक भिंतीत भोकं पाडणार. पण भावाने समजावलं आणि मी हो म्हटलं. फक्त अट घातली की प्लास्टर फोडाल तिथे पूर्ववत करून द्यायचं, आणि अहवालाची एक प्रत मलाही. तो अहवाल वाचून मला माझ्याच घराबद्दल कळलं. न्हाणीघराखालचा स्लॅब सोडला तर बाकी उत्तम, असं त्यात होतं. पुढचं बोलणं फार सरळ झालं.

तेव्हा निळी_खिडकी, विचारताना एवढं सांभाळा. "तुमच्या घरात दोष आहे का ते बघायचंय" असं न म्हणता "आम्हाला पुढच्या दुरुस्तीचा अंदाज हवाय" म्हणा. दोन्ही खरंच आहे, पण दुसरं ऐकून घेतलं जातं.

निळी_खिडकी

पागोळीताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. विकणाऱ्या काकू वयस्कर आहेत, एकट्या राहतात, त्यांना दुखवायचं नाहीये. भोकांचं मात्र मलाही टेन्शन आहे. कॉलमला भोक पाडलं तर तोच कमजोर नाही का होणार?

तुळई

रास्त प्रश्न. कार्बोनेशनला छोटं ड्रिलचं भोक किंवा कोपऱ्यातला हातभर नाही, हाताच्या पंजाएवढा भाग पुरतो. कोअर मात्र साधारण ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचा असतो, त्यामुळे आधी कव्हर मीटरने सळया शोधून त्यांच्या मधल्या जागेत घेतात, सळई कापायची नाही. नंतर न आक्रसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटी मिश्रणाने) भरून टाकतात. बारीक कॉलममधून मी कोअर घेतच नाही.

आणि सामायिक कॉलम, गच्ची हे सगळ्यांचं. तिथे चाचणीला इमारतीच्या समितीची लेखी परवानगी घ्या. एकट्या विकणाऱ्याचा होकार पुरत नाही.

दिवेलागण

मला इथे एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. नवीन तपासणी करण्याआधी जुने अहवाल मागा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइडला शॅम्प्लेन टॉवर्स साउथ नावाची बारा मजली निवासी इमारत होती, १९८१ ची. २४ जून २०२१ च्या पहाटे तिचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. २०१८ मध्येच एका इंजिनिअरच्या अहवालात लिहिलं होतं की पोहण्याच्या तलावालगतच्या डेकचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, डेकला उतार नसल्याने पाणी साचून राहतं आणि खालच्या स्लॅबचं मोठं नुकसान झालंय. अहवाल होता. दुरुस्ती किती महाग, कुणी किती द्यायचे, यात वर्षं गेली.

त्यानंतर त्या इमारतीत ज्यांनी घर घेतलं असेल, त्यांच्या हातात तो अहवाल पडला असता तर? हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. म्हणून सांगते, मागच्या सभांची इतिवृत्तं मागा. दुरुस्तीचा विषय किती वेळा निघाला आणि किती वेळा पुढे ढकलला ते त्यात दिसतं.

आडवाटसरू

दिवेलागण, अंगावर काटा आला. याच धर्तीवर दक्षिण कोरियातल्या सोलचं साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर. २९ जून १९९५, ५०२ माणसं गेली. मूळ आराखडा निवासी इमारतीचा, तो बदलून दुकान केलं, वर पाचवा मजला चढवला, कॉलम बारीक केले, सरकत्या जिन्यांसाठी जागा कापली, गच्चीवरची वातानुकूलनाची अवजड यंत्रं ओढत दुसरीकडे नेली. त्या दिवशी सकाळपासून भेगा दिसत होत्या.

माझा मुद्दा, इमारत मुळात कशी होती आणि आज कशी आहे, हा फरक बघा. कुणी बाल्कनी खोलीत घेतली, कुणी गच्चीवर माती भरून बाग केली, कुणी तळमजल्यावर भिंत काढून गाळा मोठा केला.

गेरू

फ्लॅटमधली भिंत भारवाहक आहे की नाही हे कसं ओळखायचं? आमच्या खालच्यांनी हॉल मोठा केलाय, तेव्हापासून मला झोप नाही.

तुळई

गेरू, आरसीसी फ्रेमच्या इमारतीत खोल्यांमधल्या विटांच्या भिंती बहुधा नुसत्या पडदीसारख्या, भार बीम-कॉलमवर जातो. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कितीतरी छोट्या इमारती मिश्र आहेत, आत कॉलम नाहीत आणि स्लॅब थेट भिंतीवर टेकलेला. वरच्या मजल्यांवर त्याच जागी भिंतीवर भिंत असेल, भिंत नऊ इंची किंवा जाड असेल आणि तिच्या डोक्यावर बीम दिसत नसेल, तर ती भारवाहक समजून चाला आणि मूळ आराखडा मिळवा. अंदाजावर राहू नका, इंजिनिअरला एकदा दाखवाच. तुमच्या भिंतीत नवी तिरपी चीर आली असेल तर उद्याच.

गेरू

चीर नाहीये. पण बोलावते.

जिना

भेगांचा विषय निघालाच आहे तर कुठली भेग घाबरायची आणि कुठली नाही, हे कुणी लिहा ना. घर बघायला गेलं की चार भेगा दिसतात आणि चार माणसं चार अर्थ सांगतात.

तुळई

थोडक्यात जमणार नाही, तरी सांगतो. प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या रेषा, त्या प्लास्टर आक्रसल्याच्या, सोडून द्या. बीमच्या खाली, बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यात आडवी सरळ रेष, तीही बहुतेक वेळा दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्याची. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी चीर कधी लिंटेल (खिडकीवरची आडवी पट्टी) कमी लांबीचा असल्याने, कधी तापमानाने, पण एका रेषेत मजल्यामागून मजला चढत गेलेली आणि एका टोकाला रुंद असेल तर पाया एका बाजूने खचतोय का ते बघायला हवं. कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी चीर आणि बीमच्या तळाला लांबीच्या दिशेने चीर, या दोघी सळईच्या गंजाच्या. यांना मी कधीच माफ करत नाही. बीमच्या आधाराजवळ पंचेचाळीस अंशात तिरपी चीर असेल तर लगेच थांबून तज्ज्ञ बोलवा.

आरसीसीच्या आराखड्यातही ०.३ मिलिमीटरपर्यंतची चीर सामान्यतः धरलेलीच असते. त्यामुळे चीर आहे यापेक्षा ती वाढतेय का, हे जास्त महत्त्वाचं. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण आणि तारीख, किंवा चिरेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवणं. काच फुटली तर चीर चालू आहे. पण घर घेणाऱ्याला एवढा वेळ मिळत नाही, म्हणून शेजाऱ्यांना विचारा, ही कधीपासून आहे?

ओसरी

बघा, शेवटी शेजारीच :)

खटका

इलेक्ट्रिकचं काम करतो. स्ट्रक्चरल तपासणीत वायरिंग येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जुन्या घरात अॅल्युमिनियमच्या वायरी असतात, अर्थिंग कधी नसतंच, नुसतं तीन पिनांचं सॉकेट लावलेलं असतं. ओल असलेल्या भिंतीत तर ते वेगळंच संकट. त्याची तपासणी वेगळी करा. तसंच भिंतीतले पाण्याचे जुने लोखंडी पाईप, ते आतून गंजून बारीक झालेले असतात. वरच्या मजल्यावर नळाला धार कमी दिसली तर टाकीचीच चूक धरू नका.

कडीकोयंडा

वकील आहे, माझं दोन ओळींचं. तपासणी बयाणा देण्याआधी करा. ते शक्य नसेल तर बयाण्याच्या कागदातच लिहून घ्या की अहवाल समाधानकारक नसेल तर रक्कम परत मिळेल, आणि "समाधानकारक" म्हणजे काय तेही लिहा, नाहीतर त्या एका शब्दावर भांडण होतं. इंजिनिअर तुमचा, फी तुमची, अहवाल तुमच्या नावाने. एजंटने सुचवलेला माणूस घेऊ नका, तो कितीही भला असो.

आणि अहवालाचं शेवटचं पान आधी वाचा. मर्यादा तिथे असतात. "पाया उघडून पाहिला नाही", "फॉल्स सीलिंगच्या वरचा भाग पाहता आला नाही". हे वाक्य असेल तर विचारा, का नाही पाहता आला, आणि तिथे पोहोचायला काय लागेल.

तुळई

कडीकोयंडा, अगदी. फॉल्स सीलिंग मी नेहमी एक तरी तक्ता काढून बघायला लावतो. नुकतंच केलेलं असेल तर नक्कीच.

समुद्राजवळच्या इमारतींबद्दल एक राहिलं. तिथे क्षार (क्लोराइड) आत शिरतात. बांधताना खारं पाणी किंवा न धुतलेली समुद्राची रेती वापरली असेल तरी तेच. क्षारांचा गंज सळईला एका जागी खोल खड्डा पाडतो, बाहेर फारसं फुगत नाही. म्हणजे पोपडे न दिसताही सळई अर्धी झालेली असू शकते. तिथे काँक्रीटच्या भुकटीतले क्लोराइड तपासून घ्याच.

निळी_खिडकी

धागा वर आणतेय, कारण तपासणी झाली.

पागोळीताईंनी सांगितलं तसंच काकूंशी बोलले. त्या सहज हो म्हणाल्या, वर तपासणीच्या दिवशी स्वतः खुर्ची टाकून बसल्या आणि सगळं विचारत होत्या. समितीची परवानगी मिळायला वेळ लागला. जुने अहवाल मागितल्यावर मात्र एक निघाला, आणि दिवेलागण म्हणाल्या तेच, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय इतिवृत्तात पुन्हा पुन्हा येतो आणि पुढे ढकलला जातो.

निकाल असा. पार्किंगमधले कॉलम चांगले, कव्हर ४० च्या आसपास आणि कार्बोनेशन १५ ते २० मिलिमीटर. दोन कोअर घेतले, दोन्हींची ताकद मूळ आराखड्याला साजेशी. जिना ठीक. टाकीखालच्या एका बीमला तळाला लांब चीर. आमच्या घरात हॉल आणि दोन्ही खोल्यांच्या स्लॅबमध्ये काळजीचं काही नाही. पण बाल्कनीचा स्लॅब वाईट. कव्हर १२ मिलिमीटर, कार्बोनेशन त्याच्या पलीकडे, हाफ सेल उणे ४०० च्या पुढे, आणि ठोकल्यावर निम्म्या भागात पोकळ आवाज. वरून नवा रंग इतका सुंदर होता की मी तिथेच झोपाळा कुठे टांगायचा ते ठरवलं होतं.

नवरा स्वतः हातोडीचा आवाज ऐकून आला. आता तो दादापेक्षा कडक झालाय.

घर आम्हाला अजूनही हवंय. काकूंनी बाल्कनीच्या दुरुस्तीएवढी रक्कम किमतीतून कमी करायची तयारी दाखवलीय, आणि आम्ही ती मान्य केलीय. गच्ची आणि टाकीचा बीम यांवर समितीने ठराव करून कामाची तारीख लिहून द्यावी, मगच व्यवहार, असं कळवलंय. त्यांची सभा व्हायचीय. ठराव झाला नाही तर सोडून देऊ, मन घट्ट केलंय.

पागोळी

खूप छान केलंत. काकूंना माझा नमस्कार सांगा.

कडीकोयंडा

ठरावाची नुसती तारीख नको. निधी कुठून येणार तेही त्यात यायला हवं. आणि तुमच्या नावावर घर झाल्यानंतर वर्गणी निघाली तर ती कुणी भरायची, हे काकूंसोबतच्या करारात आत्ताच लिहा.

निळी_खिडकी

लिहून घेते. तुळईदादा, शेवटचा प्रश्न. बाल्कनीचं काम आम्ही लगेच करू. ठेकेदार म्हणतो पोपडे काढून, सळईला रंग मारून, सिमेंटने पॅक करून देतो. चालेल?

तुळई

नाही चालणार. आणि बाल्कनी एका बाजूने टांगलेली आहे, तेव्हा आधी हे समजून घ्या की तिची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या बाजूला असते. खालून दिसतोय तो गंज वितरणाच्या, म्हणजे दुय्यम सळईचा असू शकतो, भार घेणारी वर, फरशीखाली आहे. फरशी काढून वरून बघितल्याशिवाय दुरुस्ती ठरवू नका. तुमच्या अहवालात वरून तपासल्याचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर त्याच इंजिनिअरला पुन्हा बोलवा.

कामाला हात लावण्याआधी खालच्या मजल्यापासून जमिनीपर्यंत टेके लावायचे, कारण खालच्या बाल्कन्याही त्याच वयाच्या आहेत. मग पोकळ भाग चांगल्या काँक्रीटपर्यंत काढायचा, सळईच्या मागेही बोट फिरेल एवढी जागा मोकळी करायची, गंज चकचकीत होईपर्यंत घासायचा. सळई खूप झिजली असेल तर नवी जोडायची, आणि किती झिजली म्हणजे खूप, हे ठेकेदाराने नव्हे, इंजिनिअरने ठरवायचं. नंतर गंजरोधक थर, जोडणारा थर आणि पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. वरच्या बाजूला उतार काढून वॉटरप्रूफिंग, आणि पाणी भरून चाचणी. ठेकेदार टेक्यांना नाही म्हणाला तर ठेकेदार बदला.

निळी_खिडकी

अहवालात "वरून फरशी असल्याने पाहता आलं नाही" असं शेवटच्या पानावर आहे. इंजिनिअरना आत्ताच फोन करते.